आंग्र्यांची गुराब

दिल्लीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी माणसास इतिहासाची म्हणून जी एक वाट हमखास ठाऊक असते, ती पानिपताकडे जाते. दरसाल १४ जानेवारीस येथील मंडळी पहाटेच्या धुक्यात मोटारी भरून निघतात, काला आंब येथील स्तंभापुढे मस्तक नमवितात आणि संध्याकाळी तिळगुळास परत येतात. आम्हीही दोन-तीन वेळा गेलो आहोत. त्या माळावर उभे राहिले असता मन भरून येते, हे खोटे नव्हे. परंतु त्या यात्रेनंतर महिनाभरातच एक दुसरी तिथी येते आणि कोणाच्याही ध्यानात न येता निघून जाते. १२ फेब्रुवारी. त्या दिवशी कचेऱ्या चालू असतात, टिपणे लिहिली जातात, चहा होतो. १७५६ साली ह्याच दिवशी विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार काही तासांत जळून गेले. आणि तेही मराठ्यांच्याच पेशव्याचे सैन्य शत्रूच्या बाजूने किनाऱ्यावर उभे असताना.

ही तारीख आम्हांसही ठाऊक नव्हती. इतिहास हा विषय घेऊन आम्ही पदवी मिळविली, तरी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे ती घटना आमच्या मनात कधी शिरली नाही. ती शिरली एका लाकडी जहाजामुळे. ते जहाज आम्ही आमच्या सरकारी निवासाच्या मागल्या गच्चीवर, दोन हिवाळे खर्चून, स्वतःच्या हातांनी केले. त्या उद्योगात जे कळले, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

महाविद्यालयात असताना आम्ही राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत होतो. त्या शाखेत कवाईत, पोहणे, वल्हविणे ह्यांबरोबर जहाजांच्या प्रतिकृती करण्याचीही एक स्पर्धा असते. मुले हलके लाकूड कातून, घासून, रंगवून आजच्या लढाऊ नौकांचे हुबेहूब नमुने करतात. ते काम कष्टाचे असले, तरी त्यात संशयाला जागा नसते. नौकेचे नकाशे असतात, छायाचित्रे असतात; अमुक प्रमाण धरले की प्रत्येक तोफेची नि शिडीची लांबी ठरून जाते. चुकले तर हात चुकतो, बुद्धी चुकत नाही. ह्या जुन्या छंदाची वार्ता आमच्या वसाहतीतील मराठी मंडळास कशी लागली कोण जाणे, पण शिवजयंतीच्या प्रदर्शनाची बैठक भरली तेव्हा मुलांकडे किल्ले आले, एका गृहस्थांकडे शस्त्रांची चित्रे आली, आणि आमच्याकडे बोट दाखवून अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही महाराजांचे एक जहाज करा." आम्ही होकार दिला. होकार देणे सोपे होते.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि पहिली रेघ ओढतानाच हात थांबला. महाराजांचे जहाज म्हणजे नेमके कसे? त्याचा नकाशा कोठे?

नकाशा नाही, आणि तो नसण्याचे कारण साधे आहे. आपल्या किनाऱ्यावरील जहाजे कागदावर आखून बांधली जात नसत. मिस्त्री पठाण मांडी, वांक उभे करी, आणि बापाकडून मिळालेल्या प्रमाणांच्या व नजरेच्या आधारे जहाजाचे पोट वाढत जाई. विद्या हातात होती. हात गेला की विद्या गेली. जहाजेही टिकली नाहीत. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो. त्यातून वाचले ते वादळात, लढाईत किंवा सरपणात गेले. इंग्लंडात ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात अठराव्या शतकातील युद्धनौकांचे मूळ आराखडे जपलेले आहेत आणि खुद्द त्या काळी केलेल्या लाकडी प्रतिकृतीही आहेत. नेल्सनची व्हिक्टरी ही नौका तर पोर्ट्समथच्या गोदीत प्रत्यक्ष उभी आहे. आपल्याकडे किल्ले उभे आहेत, आणि ज्यांच्यासाठी ते किल्ले समुद्रात बांधले ती जहाजे मात्र एकही नाही.

जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात सागरी वारशाचे जे दालन केलेले होते, ते आम्ही पाहून आलो. उत्सुकता वाढली, पण मापे मिळाली नाहीत. तेव्हा सुताराच्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांतच शोधणे भाग पडले. डॉ. सुरेंद्रनाथ सेन ह्यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथ आणि प्रा. भा. कृ. आपटे ह्यांचा मराठी आरमार व व्यापारी जहाजे ह्यांवरील १९७३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ, ह्या दोहोंनी आम्हांस हाताशी धरून नेले. रविवारचे सारे सकाळचे प्रहर त्यात गेले.

आरमाराचा आरंभ कोठे झाला ते सर्वश्रुत आहे. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीचे पाणी प्रथमच स्वराज्याच्या हाती आले. १६५९ च्या सुमारास तेथे जहाजे बांधण्याचे काम चालू होते, आणि त्या कामावर रुई लैतांव व्हियेगश नावाचा एक पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. ह्या बांधणीची कुणकुण लागताच पोर्तुगीज अधिकारी सावध झाले. त्यांनी आपल्या माणसांस फितविले आणि ती मंडळी काम टाकून निघून गेली. काम मात्र थांबले नाही. परक्याकडून जेवढे शिकावयाचे तेवढे शिकून आमच्या सुतारांनी ते पुढे नेले, असेच म्हटले पाहिजे. कारण १६६४ च्या २५ नोव्हेंबरास मालवणजवळील बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः आरमार घेऊन बसरुरावर गेले. १६७९ साली मुंबईच्या तोंडावर असलेल्या खांदेरी बेटाची तटबंदी त्यांनी आरंभिली. तेव्हा इंग्रजांनी ती मोडण्यासाठी नौका पाठविल्या, आणि १८ ऑक्टोबरच्या लढाईत त्यांची डव्ह ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. रिव्हेंज ह्या त्यांच्या मोठ्या जहाजाने आपल्या तोफांच्या जोरावर मराठ्यांची होडकी मागे रेटली, हेही खरे. पण बेट काही त्यांच्या हाती लागले नाही.

सभासदाच्या बखरीत महाराजांच्या आरमारातील जहाजांचे प्रकार येतात: गुराबा, गलबते, तरांडी, तारवे, शिबाडे, पगार. नावे वाचताना समुद्राचा वारा अंगास लागतो. पण बखरकाराने ती नावे ज्यांना जहाजे रोज दिसत होती अशांसाठी लिहिली. घोड्यास चार पाय असतात हे जसे कोणी लिहून ठेवीत नाही, तसे गुराबेची नाळ कशी असते हे त्याने लिहिले नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र मात्र अधिक बोलते. ते १७१५-१६ च्या सुमाराचे. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग आहे, ज्याचे आरमार त्याचा समुद्र, असा त्याचा आशय. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. जहाजे मध्यम प्रतीची असावीत. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोगच होणार नाही अशी धिप्पाड धुडे बांधू नयेत, असे त्यात सांगितले आहे. लाकडाविषयी तर अमात्यांनी जे लिहिले आहे, ते आजच्या कोणत्याही कचेरीच्या परिपत्रकास लाजवील. सागवान राज्याच्या वनांतून परवानगीने तोडावे. आंबा, फणस ही झाडेही आरमारास उपयोगी, पण ती रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचे तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. जहाज ही वस्तू किती झाडांची आणि किती माणसांची देणेकरी असते, हे ज्याने ओळखले तो प्रधान केवळ कागदावरचा नव्हता.

इतके झाले, तरी करवतीस दिशा मिळेना. ती मिळाली एका इंग्रजाकडून. रॉबर्ट ऑर्म हा केरळात अंजेंगो येथे जन्मलेला, कंपनीच्या नोकरीतील गृहस्थ. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या लष्करी व्यवहाराचा इतिहास त्याने लिहिला, आणि १७६३ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या खंडात आंग्र्यांच्या गुराबेचे व गलबताचे जे वर्णन आहे, त्याच्या तोडीचे वर्णन कोणा स्वकीयाने लिहिल्याचे आम्हांस आढळले नाही. शत्रूने आम्हांस बारकाईने पाहिले, कारण त्यास आमचे भय होते.

ऑर्मच्या वर्णनाचा सारांश असा. गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असतात, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांपर्यंत असे. दोनांची दीडशेहून अधिक नसे. तिला पाणी फार थोडे लागते. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद, आणि मध्यापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली. पुढल्या अंगास युरोपी जहाजासारखी गोल, बंद छाती नसते. त्या ठिकाणी एक लांब नाळ पुढे झेपावलेली असते. ह्या नाळेवर भक्कम तक्तपोशी असते, पण तिला कठडा नसतो. कारण समोरून लाट आली की अशी नौका जोराने खाली-वर होते. नाळ पाण्यात बुडते आणि अंगावर आलेले पाणी अडथळ्यावाचून दोहों बाजूंनी वाहून जावे लागते. नाळ आणि जहाजाचे मुख्य अंग ह्यांच्यामध्ये एक आडभिंत. त्या भिंतीत दोन खिडक्या, आणि त्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा नाळेवरून थेट पुढे रोखलेल्या. बाजूच्या तोफा त्याहून लहान, सहा ते नऊ पौंडी. गलबत हे त्याच घडणीचे पण लहान. फार तर सत्तर टनांचे. त्यास एक प्रचंड त्रिकोणी शीड, वजन वाचविण्यासाठी चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी आणि चाळीस-पन्नास मजबूत वल्ही.

मूळ अरबी भाषेत गुराब म्हणजे कावळा. काळी, निमुळती चोच पुढे काढून येणारी ही नौका ज्याने प्रथम पाहिली, त्याने नाव नेमके ठेवले असे वाटते.

आता मापांचा प्रश्न उरला. येथे कारकुनी कामी आली. त्या काळच्या इंग्रजी गोद्यांत जहाजाचे टन काढण्याचे एक सूत्र होते: लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करावेत, उरलेल्यास रुंदीने आणि पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणावे, आणि चौऱ्याण्णवाने भागावे. आम्ही ते उलटे चालविले. रुंदी चोवीस फूट व लांबी त्रेसष्ट फूट धरली, तेव्हा उत्तर एकशे एकोणपन्नास आले. म्हणजे ऑर्मच्या दीडशेच्या आत. लांबीच्या मानाने रुंद, हीही अट पुरी झाली. ही मापे कोणत्या ऐतिहासिक गुराबेची नव्हेत, आमच्या तर्काची आहेत, हे येथेच सांगून ठेवितो. एका फुटास पाव इंच हे प्रमाण घेतले, तेव्हा आमची गुराब नाळ सोडून पावणेसोळा इंच लांब आणि सहा इंच रुंद ठरली. तिजवर उभा राहावयाचा खलाशी जेमतेम सव्वा इंचाचा.

कीर्तिनगरच्या लाकूडबाजारात एका वखारवाल्याने सागाचे तुकडे जवळजवळ फुकट दिले. काय करणार म्हणून त्याने विचारले, जहाज म्हणताच तो हसून म्हणाला, "दिल्ली में जहाज?" चावडी बाजारातून पितळेची तार नि पत्रा आणला, किनारी बाजारातून दोऱ्यांची रिळे. तांब्याच्या बारीक नळ्या कापून तोफा केल्या. वांक तासताना दोनदा बोट कापले. फळ्या वाफेवर धरून वाकवाव्या लागतात. त्यासाठी स्वयंपाकघरातील इडलीचे भांडे पळविले, त्याबद्दल घरात जे ऐकावे लागले ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीस सांगाडा फळ्यांनी झाकून झाला. तो मेजावर ठेवून आम्ही न्याहाळू लागलो, तो काहीतरी खटकले. जहाज सुबक दिसत होते. नव्हे, फारच सुबक दिसत होते. चित्रपटांत नि दिनदर्शिकांवर पाहिलेली युरोपी जहाजे आमच्या हातांत मुरली होती, आणि नकळत आम्ही नाळेच्या दोन्ही बाजूंस कठडा चढवून पुढले अंग गोल करून टाकले होते. ऑर्मचे पान पुन्हा काढले. कठडा नसतो, आणि का नसतो तेही लिहिलेले. तीन महिन्यांचे काम करवतीने कापताना हात जड झाला, हे कबूल केले पाहिजे. पण कठडा गेला, नाळ उघडी झाली, आडभिंत बसली, आणि तिच्या खिडक्यांतून त्या दोन मोठ्या तोफा पुढे रोखल्या, त्या क्षणी ती नौका आमच्याशी बोलू लागली.

गोष्ट अशी की, युरोपी युद्धनौकेचे बळ तिच्या बाजूंत असते. ती शत्रूस समांतर येते आणि एका कुशीच्या साऱ्या तोफा एकदम डागते. त्या कुशीपुढे जाणे म्हणजे आमच्या मध्यम जहाजांचा नाश. आंग्र्यांच्या दर्यावर्दींनी ती लढाई टाळली. त्यांनी आपल्या सर्वांत जड तोफा तोंडाशी बसविल्या आणि शत्रूच्या पाठीशी जाण्याची रीत धरली; कारण जहाजाच्या पिछाडीस तोफा सर्वांत कमी असतात. वारा असेल तर गुराबा स्वतः चालून जात. वारा पडला की मोठे जहाज खिळल्यासारखे उभे राही, आणि तेव्हा गलबते वल्ह्यांच्या बळावर गुराबांस ओढीत त्याच्या पिछाडीस नेऊन उभी करीत. मग दुरून डोलकाठ्यांवर मारा. डोलकाठी पडली की जहाज पांगळे. पुढे चहूंकडून गलबते भिडत आणि माणसे तलवारी घेऊन वर चढत. अमात्यांनी वाऱ्यावाचून निरुपयोगी धुडे नकोत म्हणून का लिहिले, एका सुभ्यात पाच गुराबांस पंधरा गलबते का दिली, हे वाचून कळले नव्हते ते नाळ कापल्यावर कळले. थोडे पाणी लागत असल्यामुळे अंगाशी आले तर खाडीत शिरावे, जेथे मोठे जहाज येऊ शकत नाही. डोंगरात जो गनिमी कावा होता, तोच सागाच्या लाकडात उतरला होता.

ह्याच बळावर कान्होजी आंग्र्यांनी १७२९ साली मृत्यू येईपर्यंत हा किनारा राखला. इंग्रज त्यांस चाचे म्हणत. पण आपल्या समुद्रातून जाणाऱ्याने आपला दस्तक घ्यावा, ही मागणी पोर्तुगीज नि इंग्रजही करीतच होते. कान्होजींनी ती केली, एवढाच त्यांचा अपराध. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. इंग्रज राजाच्या आरमारातील नौका कमोडोर मॅथ्यूझच्या हाताखाली तीत होत्या. त्या वेळी छत्रपती शाहूंकडून घोडदळ कुलाब्याच्या मदतीस धावून आले, आणि ती स्वारी फसली. समुद्रावर आरमार, किनाऱ्यावर घोडा, दोघांचा धनी एक: असे होते तोवर आंग्र्यांस कोणी हात लावू शकले नाही.

पुढील पस्तीस वर्षांत ते एकत्व गेले. कान्होजींचे पुत्र आपसांत भांडले, दौलत दुभंगली, विजयदुर्गाकडे तुळाजी राहिला. तुळाजी पराक्रमी होता, पण पेशव्यांचा हुकूम तो मानीना. त्याची जहाजे पेशव्यांच्या रयतेच्या मालासही सोडीनात. नानासाहेब पेशव्यांची तक्रार निराधार नव्हती. प्रश्न तक्रारीचा नव्हता, उपायाचा होता. १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी तह झाला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढल्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन राजाच्या मोठ्या नौका घेऊन विजयदुर्गापुढे आला. बरोबर कर्नल क्लाइव्ह होता. किनाऱ्याने पेशव्यांचे सैन्य आले होते.

१२ फेब्रुवारीस दुपारनंतर तोफा सुरू झाल्या. गुराबा नि गलबते बंदरात एकमेकींस बांधून उभी होती. उघड्या समुद्रात, पाठलागासाठी घडविलेल्या त्या नौका अडचणीच्या पाण्यात दाटीने उभ्या राहिल्या, तेव्हाच त्यांचे सारे गुण व्यर्थ झाले होते. एक पेटता गोळा रेस्टोरेशन ह्या जहाजावर पडला. हे जहाज मूळ इंग्रजांचेच, आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी पकडलेले. त्यावरून आग शेजारच्या नौकेस लागली, तेथून पुढच्या, आणि दोराने दोर पेटत सारा तांडा जळाला. त्याच रात्री क्लाइव्हने सैन्य उतरविले ते किल्ला आणि पेशव्यांची फौज ह्यांच्यामध्ये, दोस्तांच्या आधी आपला हात किल्ल्यास लागावा म्हणून. १३ तारखेस किल्ला पडला. सुमारे दहा लक्षांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. दोस्तांस त्यांतले काही दिले नाही. किल्लाही लगेच दिला नाही. बाणकोटच्या मोबदल्यात तो पेशव्यांस मिळण्यास ऑक्टोबर उजाडला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच मेला.

तेच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह तेथून मद्रासेस गेले, आणि वर्ष सरता सरता त्याच आरमारासह बंगालच्या वाटेस लागले. १७५७ च्या जानेवारीत त्यांनी कलकत्ता परत घेतले, जूनमध्ये प्लासी झाली. अटकेपर्यंत गेलेल्या घोड्यांची कीर्ती आपण गातो. ते घोडे १७५८ साली अटकेस पोचले, तेव्हा पाठीमागच्या समुद्रावर कोण होते ह्याचा हिशेब कोणी मांडला नाही. पेशव्यांचे आरमार त्यानंतरही होते. आनंदराव धुळपांनी १७८३ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीजवळ इंग्रजांचे रेंजर जहाज झुंजून पकडले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु मुंबईकर इंग्रजांस रात्री झोप येऊ नये असे आरमार मराठ्यांपाशी पुन्हा झाले नाही.

पानिपत आम्हांस पाठ आहे, कारण तेथे आम्हांस परक्यांनी मारले. विजयदुर्ग आम्ही विसरलो, कारण तेथे मारणाऱ्यांत आम्ही होतो. हे कटू असले, तरी ह्याहून दुसरे कारण आम्हांस सुचत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात शिडे चढली, दोर ताणले गेले, वल्ह्यांसह एक लहान गलबतही शेजारी उभे राहिले, आणि प्रदर्शन जवळ आले. मंडळात दोन सूचना निघाल्या. एक अशी की, शिडे भगवी रंगवावीत आणि पाटीवर 'शिवाजी महाराजांचे जहाज' असे लिहावे. दुसरी, तोफा थोड्या वाढवाव्यात. लोकांस बरे वाटते. आम्ही दोन्ही नाकारल्या. ज्या वर्णनावरून ही नौका केली, ते महाराजांच्या निधनानंतर पाऊणशे वर्षांनी पाहिलेल्या आंग्र्यांच्या गुराबेचे आहे. ती महाराजांच्या गुराबेची नात असेल, पण नातीच्या छायाचित्राखाली आजीचे नाव लिहू नये. रंगाविषयी विश्वासू पुरावा हाती नसल्याने लाकूड आम्ही तसेच तेल देऊन ठेविले. अंदाज करू नये असे नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील नौका पाहून केरळच्या कारागिरांनी गोव्यात दोरांनी शिवलेले एक संपूर्ण जहाज बांधले, त्याची वागणूक आधी प्रतिकृती करून मद्रासच्या तंत्रशिक्षणसंस्थेत तपासली गेली, आणि मे २०२५ मध्ये 'कौंडिण्य' ह्या नावाने ते भारतीय नौदलात आले. तेथेही नकाशा नव्हताच. पण अंदाज हा अंदाज म्हणून सांगितला, तरच तो विद्या होतो. एरवी तो देखावा होतो.

खरा वाद पाटीवरून झाला. आम्ही पाटीवर लिहिले होते: "आंग्र्यांची गुराब. शत्रूने केलेल्या वर्णनावरून, अदमासे मापाने. हे आरमार विजयदुर्ग येथे इंग्रजांनी जाळले. पेशव्यांचे सैन्य त्या वेळी इंग्रजांच्या बाजूस होते." प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, ती पाटी वाचून उभे राहिले. "शेवटचे वाक्य काढा," ते म्हणाले. "उद्या येथे परप्रांतीय येतील, लहान मुले येतील. जयंतीच्या दिवशी आपले उणे आपण कशाला मांडावे?" आम्ही म्हणालो, "साहेब, पहिली दोन वाक्ये ठेवून शेवटचे काढले, तर मुले विचारतील, एवढे जहाज होते तर गेले कोठे? त्यास काय सांगावे?" ते काही बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी गुराबेची उघडी नाळ पाहिली, तोफांच्या खिडक्या पाहिल्या, आणि ह्या बाजूस कठडा का नाही म्हणून विचारले. आम्ही कारण सांगितले. मग त्यांनी खिशातून पेन काढले, सवयीने पाटीच्या कडेस एक खूण केली आणि म्हणाले, "ठेवा. पण टिपणात तारीख नाही. तारीख घाला."

आम्ही तारीख घातली.

असो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलाचे नवे निशाण फडकले. त्यावरील अष्टकोनी आकृती महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. मुंबईतील नौदलाच्या एका जुन्या ठाण्यास १९५१ पासून आंग्र्यांचे नाव आहे. ज्यांस एकेकाळी चाचे म्हणून हिणविले आणि ज्यांचे आरमार जळताना स्वकीयांनी पाहिले, त्यांचे ऋण राष्ट्राने मान्य केले, ह्याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु नाव देणे हे ऋणाचे व्याज झाले. मुद्दल फेडावयाचे तर ते आरमार कसे होते आणि कसे गेले, हे दोन्ही ठाऊक पाहिजे.

आमची गुराब सध्या मंडळाच्या कपाटावर काचेच्या पेटीत आहे. तिला पाणी कधी लागले नाही, लागणारही नाही. यमुनेच्या काठी तिचा उपयोग तरी काय? आमची बदली झाली तर ती येथेच राहील. वाचकांपैकी कोणी पुढल्या जानेवारीत पानिपतास जाऊन आले, तर त्यांनी महिनाभराने, १२ फेब्रुवारीस, कचेरीतून परतताना क्षणभर विजयदुर्गाचेही स्मरण करावे, इतकीच विनंती.